रिमवरची पांढरी रेघ

पुणतांबा
९ डिसेंबर २०२४

कृपादान भाऊजी,

सलाम. पत्राच्या वर प्रभूचं नाव लिहायची आपल्या घरची रीत, ती आज मोडते. लिहायला घेतलं आणि पेन तिथंच थांबलं. राग वगैरे नाही. काहीच नाही, म्हणून थांबलं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन मी बंद करून गव्हाच्या कोठीत टाकला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, बिघडला. तुम्हाला काय सांगणार? अंद्याचा मोबाईल पोलिसांनी तुमच्याच हातात दिला. त्यावर शेवटचा फोन कोणाचा होता ते तुम्ही पाहिलंच असेल.

तो रविवार आमच्या चर्चच्या मंडळीत पिकाच्या सणाचा. घराघरातून काहीबाही येतं, कोंबडी, अंडी, कणसं, गुळाची ढेप. वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की लिलाव करतात. आपल्या घरचं डांगर ठरलेलं, तुमच्या भावाच्या वेळेपासून. यंदा भोपळ्याचा वेल जळाला. म्हणून अंद्याला सांगून ठेवलं होतं, भिंगारहून निघालास की वाटेत कुठून तरी एक चांगलं मोठं डांगर घे. सकाळी आठवण करायला फोन केला, त्याने घेतला नाही. परत केला, घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला. "अगं आई," म्हणाला. हसत म्हणाला. मग एक आवाज झाला, आणि मी कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत उभी राहिले. डांगरासाठी, भाऊजी.

तुमचे भाऊ गेल्यावर मी त्याला एकटीने वाढवला आणि एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा तुमच्या घरी ठेवला. एकुलता एक मुलगा. हे सगळं मला माहीत आहे. कोणी विचारलं तर घडाघडा सांगते. पण ते मला लागत नाही. शाळेत जाते, हजेरी घेते, पाढे म्हणून घेते. शेजारची कडूबाई रोज येऊन बसते. "बाई, रडा वो. आत साठलं की मानूस कुजतं," म्हणते. मी तिला चहा करून देते. परवा भाकरी करताना हात तव्याला लागला. लागला हे मला दुसऱ्या दिवशी फोड पाहिल्यावर कळलं.

आता विचारायचं ते विचारते. तुमच्या टायरच्या दुकानात तुम्ही दोघांनी त्याच्या गाडीच्या चाकांचं काय केलं होतं? दिवाळीत त्याने फोटो पाठवला होता. रुंद रुंद चाकं आणि त्यावर ताणून बसवलेले टायर. मी म्हटलं होतं, हे काय ध्यान केलंस. त्याच्या मातीच्या दिवशी मागे दोघं-तिघं कुजबुजत होते, टायरने घात केला म्हणून. तसं आहे का? टायर गेला, की माझ्या फोनमुळे त्याचं लक्ष गेलं? मला नीट समजावून लिहा. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. बाकी कशाची इच्छा नाही.

तुमची वहिनी,
दया


भिंगार
१५ डिसेंबर २०२४

दया वहिनी,

सलाम. शाळा सोडल्यापासून हे माझं पहिलं पत्र. तेव्हा लाल शाई घेऊन बसू नका. तुमच्या जावेला, सिल्व्हियाला, म्हटलं तू लिही, ती म्हणाली विचारलंय तुम्हाला, लिहा तुम्हीच.

नीट समजावून सांगा म्हणालात, तर मुळापासून सांगतो.

गाडीबरोबर कंपनीचं चाक येतं ते अरुंद. अंद्याला पाहिजे होतं रुंद, गाडीच्या अंगाबाहेर डोकावणारं. पुण्याहून कोणाकडून जुन्या रुंद रिम, म्हणजे डिस्क, मिळवल्या, घासूनपुसून आरशासारख्या केल्या. चार दिवस जेवायला बसला तरी एक डिस्क शेजारी मांडून. सिल्व्हिया म्हणाली, "अरे, हिला पण वाढू का?" बरं, रुंद चाकाला रुंद टायर घालावा की नाही? तर नाही. ही पोरं मुद्दाम अरुंद टायर घेतात आणि तो ताणून रुंद चाकावर बसवतात. पोट सुटलेल्या माणसाला दोन नंबर लहान स्वेटर घालावा तसला प्रकार. टायरची बाजू सरळ असते ती तिरपी होते, चाकाची कड उघडी पडते. त्यांना तेच आवडतं. मी दोन महिने दाद दिली नाही. म्हटलं, टायर म्हणजे गाडीची वहाण. ती चालायला असते, मिरवायला नाही. तो म्हणाला, "काका, तुमी नाही बसवलेत तर नगरात दुसरीकडं बसवीन. तिथं पेट्रोल मारून काडी लावतात, की टायर फटकन बसतो." खरंच लावतात, वहिनी. मग म्हटलं, व्हायचंच असेल तर आपल्या हातानं झालेलं बरं.

असा टायर साध्या हवेनं बसत नाही. साबणाचं पाणी लावून चढवला, तरी टायर आणि रिम यांच्यात बोटभर फट राहते. जितकी हवा भराल तितकी फटीतून बाहेर. म्हणून टाकीत हवा कोंडायची आणि मोठ्या तोंडानं एकदम सोडायची. टायर फुगतो आणि त्याच्या दोन्ही कडा रिमवर जाऊन बसतात. एका कडेचा एक आवाज, दुसऱ्या कडेचा दुसरा. दोन्ही ऐकल्याशिवाय मी हात काढत नाही. शेवटी पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ मारायची, टायरवरून खाली रिमवर, सलग. ही माझी ट्रॅक्टरच्या टायरांची जुनी रीत. ओढीनं टायर रिमवर सरकला की रेघ तुटते, वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. सकाळी गाडी काढताना नुसती नजर टाकली तरी कळतं. अंद्याच्या चारही रेघा त्यानंच मारल्या. जीभ बाहेर काढून, लहानपणी पाटीवर काढायचा तशा. शेवटची जरा वाकडी गेली, तर पुसून परत मारतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, रांगोळी नाही ती.

आता तुमच्या प्रश्नाचं. राहुरीच्या पुढे त्या जागेवर मी पोहोचलो, तेव्हा पुढचा डावा टायर रिम सोडून उतरलेला होता. रेघ तुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. चाक खड्ड्यात आपटलं असणार. टायरची कड सुटली, हवा गेली आणि गाडी डावीकडे खेचली गेली. तिथं कडेला उसाची ट्रॉली उभी होती. गाडी तिच्याखाली गेली.

फोनचा काही संबंध नाही. तो फोन हातात धरून चालवत नसे, गाडीतल्या स्पीकरवर बोलायचा. तुम्ही फोन केला नसता तरी हेच झालं असतं. टायर मी बसवला होता. दोष द्यायचा तर माझ्या हातांना द्या.

आणि तो फोन कोठीतून काढा. गव्हाला पाला घालतात, मोबाईल नाही.

तुमचा,
कृपादान


पुणतांबा
३ जानेवारी २०२५

कृपादान भाऊजी,

सलाम.

तुमचं पत्र वाचलं आणि मला भूक लागली. सांगायला लाज वाटते, पण लागली. सकाळची भाकरी होती, ती दुधात कुस्करून खाल्ली. ती खारट नव्हती, गोड नव्हती. पण मी खाते आहे हे कळत होतं. त्या रविवारपासून मी स्वतःला पिंजऱ्यात उभं केलं होतं. तुमच्या पत्राने मला सोडलं.

नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेत साक्षी असतात, हे तुम्हाला माहीत आहे. कोणाचं दुखणं बरं झालं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. लोक उठून सांगतात, बाकीचे आमेन म्हणतात. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. मी उठले. म्हणाले, "माझा मुलगा माझ्या फोनमुळे गेला असं काहींच्या मनात असेल. माझ्याही होतं. तसं नाही. टायर सुटला. टायर त्याच्या काकांनी बसवला होता. त्यांनीच तसं लिहून कळवलं आहे." दोघं-तिघं सवयीने आमेन म्हणाले. खाली बसले तेव्हा वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. पुढच्या बाकाचा एक खिळा वर आला आहे, त्याच्याकडे बघत राहिले.

घरी येताना वाटलं, तुमचं नाव घ्यायला नको होतं. पण जे आहे ते आहे. तुम्हीच लिहिलंत.

मला एक समजत नाही. हे धोक्याचं आहे हे तुम्हाला कळत होतं. दोन महिने नाही म्हणालात, मग हो का म्हणालात? मी आई असून त्याला इतक्या गोष्टींना नाही म्हणत आले. तुम्हाला एका गोष्टीला म्हणता आलं नाही?

आता काही दिवस पत्र नको. इकडेही येऊ नका. तुम्हाला समोर पाहून मला काय वाटेल ते सांगता येत नाही. बहुतेक काहीच वाटणार नाही, आणि ते तुम्हाला माझ्या तोंडावर दिसेल.

फोन कोठीतून काढला आहे. सुरू केलेला नाही.

दया


भिंगार
२० जानेवारी २०२५

दया वहिनी,

सलाम. पत्र नको म्हणालात, म्हणून हे थोडक्यात. यानंतर तुम्ही लिहीपर्यंत लिहीत नाही.

साक्षीचं कळलं. पुणतांब्याची बातमी भिंगारच्या मंडळीत एसटीच्या आधी उतरते. तुम्ही मी लिहिलं तेच बोललात. त्याबद्दल मनात काही ठेवू नका. एका गोष्टीला नाही म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही.

अंद्याची पेटी पाठवतो आहे. कपडे सिल्व्हियानं धुऊन घड्या घातल्या आहेत. त्याचे दुकानात घालायचे बूट ठेवून घेतले तर चालेल का? नको असेल तर तेही पाठवतो.

गाडी अजून ठाण्याच्या आवारात पडून आहे. कागदोपत्री ती तुमच्या नावावर, म्हणून सोडवायला तुमची सही लागते. सोबतच्या अर्जावर सही करून तेवढा पाठवून द्या. तुम्ही तिकडे जाऊ नका. बघण्यासारखं काही उरलेलं नाही. भंगाराचं मी पाहून घेतो.

कृपादान


भिंगार
२ मार्च २०२५

दयाताई,

सलाम. सिल्व्हिया लिहिते आहे. यांना माहीत नाही.

तुम्हाला दुकानाचं सांगावं असं वाटलं. इथं आता कोणी येत नाही. पोरं तर नाहीतच, दुधाचे टेम्पोसुद्धा पुढच्या दुकानात जातात. पुंजाराम, ज्याच्या ट्रॅक्टरला यांच्याशिवाय कोणी हात लावला नाही, तो परवा रस्त्यात थांबला आणि म्हणाला, "कृपाभाऊ, तुमी मानूस लई चांगले. पन घरच्या पोराचं चाक तुमच्या हातून सुटलं. मंग आमच्या चाकांचं काय सांगावं?" हे म्हणाले, "बरोबर हाय तुझं." सकाळी दुकान उघडतात, कॉम्प्रेसर सुरू करतात आणि खुर्ची टाकून त्याचा आवाज ऐकत बसतात. चर्चमध्ये मागच्या दाराजवळ बसतात आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघून येतात.

मी तुम्हाला यापेक्षा जास्त सांगणार नाही. मला बोलायची बंदी आहे आणि ती मी मोडत नाही. तुम्ही त्या अर्जावर अजून सही केली नाहीत, हे बरं झालं. करू नका. एकदा स्वतः जा आणि गाडी डोळ्यांनी बघा. यांचं डिसेंबरातलं पत्र सोबत न्या.

मला राग येतो, ताई. खरं ते लिहिते. तुमचा येतो, यांचाही येतो. अंद्या माझ्याही हातचं जेवत होता. मलाही कोणी विचारलं नाही की तुझं काय.

सिल्व्हिया


पुणतांबा
२४ मार्च २०२५

कृपादान भाऊजी,

सलाम.

शनिवारी मी गाडी बघून आले. कडूबाईला सोबत नेलं होतं. आवारात गाड्या एकीला एक लागून उभ्या आहेत, धुळीने सगळ्या एका रंगाच्या झालेल्या. आपली एस्टीम मला ओळखू आली नाही. चाकांवरून ओळखली. वर टप म्हणून काही राहिलेलं नाही. खाली चारही चाकं जशीच्या तशी उभी.

तुमचं पत्र पर्समध्ये होतं. पुढचं डावं चाक. मी खाली बसले आणि पदराने धूळ पुसली. टायर रिमवर होता. रेघ सलग होती. मला वाटलं, माझंच डावं-उजवं चुकलं. मी पहिलीच्या मुलांना डावं-उजवं शिकवते, भाऊजी. तरी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले, आपला डावा हात वर करून पाहिला. मग चारही चाकं पुसली. चारही रेघा सलग. मागच्या उजव्या चाकाची जरा वाकडी.

मागच्या सीटखाली डांगर होतं. वाळून हलकं झालेलं, देठ शाबूत. कडूबाईने ते बाहेर काढलं, हलवलं, आत बिया वाजल्या. "बाई, पोरानं तर घेतलं हुतं की वो," म्हणाली. तेवढं बोलून तीच रडत बसली.

म्हणजे त्याने फोन घेतला तो "घेतलंय" हे सांगायला. हसत होता तो त्यासाठी. मी फोन केला नसता तरी डांगर आलंच असतं.

तुम्ही खोटं लिहिलंत. आणि ते का लिहिलंत हे मला तिथं मातीत बसल्या बसल्या कळलं. तुम्ही मला तुमचे हात देऊ केलेत, आणि मी ते घेऊन भरल्या मंडळीत सगळ्यांना दाखवले. तुम्ही एका शब्दाने काही म्हणाला नाहीत. उलट लिहिलंत, मनात काही ठेवू नका. मला तुमचा राग आला आहे, तो लिहून ठेवते. त्याहून जास्त माझा आला आहे. आणि राग आला याचं मला नवल वाटलं, कारण इतके दिवस तोही येत नव्हता.

सही करून मी गाडी सोडवून घेतली. वाल्मिक म्हणून एक भंगारवाला तिथं होता, त्याच्याशी बोलले. चाकं देणार नाही, ती काढून दे म्हटलं. "बाई, माझ्या टेम्पोत टाकायची तर आदी हवा सोडल्याली बरी," असं म्हणून तो पुढच्या डाव्या चाकाच्या वॉल्व्हची सुई काढायला बसला. मी म्हटलं, थांब. आणि हात पुढे धरला.

ती हवा दिवाळीत तुमच्या दुकानात भरलेली. तुम्ही टाकी सोडलीत तेव्हा अंद्या शेजारीच उभा असेल. दोन्ही आवाज त्यानेही ऐकले असतील. त्या दिवसाची हवा इतके महिने त्या टायरात होती. ती माझ्या तळहातावर येत राहिली. गार होती. तव्याने फोड आला तेव्हा मला कळलं नव्हतं, हे कळलं. पार संपेपर्यंत मी हात काढला नाही. मग मी रडले का, किती रडले, ते कडूबाईला विचारा. मला आठवत नाही. बाकीच्या तिन्ही चाकांची हवा मी सोडू दिली नाही.

काल रविवारी उपासनेत परत उठले. ती साक्षीची वेळ नव्हती, पाळकसाहेब दानार्पणाची सूचना सांगत होते. मी म्हटलं, "नव्या वर्षाच्या दिवशी मी इथं उभी राहून जे बोलले ते खरं नव्हतं. टायर सुटला नव्हता. त्याच्या काकांनी तो पक्का बसवला होता, अजून बसलेला आहे. फोन माझा होता." या वेळी कोणी आमेन म्हणालं नाही. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी भिंगारला येते आहे, तुमच्या मंडळीत उभी राहून हेच सांगायला. पुंजारामला यायला सांगा.

एक राहिलं. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "ह्या गाडीकडं एक जन दोनदा येऊन गेला. हातात टायर काढायची लोखंडी पार आन् टर्पेंटाइनची बाटली. बसायचा घटकाभर, आन् तसाच जायचा." ते तुम्हीच. पार घालून टायर उतरवला असता, रेघ पुसली असती, तर मला जन्मात कळलं नसतं. तेवढ्यासाठी गेला होतात, तर का नाही पुसली?

फोन सुरू केला आहे. पण याचं उत्तर पत्रानेच द्या.

तुमची वहिनी,
दया


भिंगार
२९ मार्च २०२५

दया वहिनी,

सलाम. पत्र दोनदा वाचलं, मग सिल्व्हियाच्या हातात दिलं. गाडी बघायला तूच सुचवलंस का विचारलं, तर "मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही," म्हणते. नसेल काढलं. माझी बायको न बोलता घर पेटवू शकते. पत्र वाचून ती बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभी होती. तुम्ही आलात की आधी तिच्याशी बोला, माझ्याशी नंतर.

या. साक्ष द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी अडवत नाही. पण उपाशीपोटी देऊ नका. आदल्या दिवशीच या, शेंगोळ्यांचा बेत ठरला आहे.

आता खरं लिहितो. तुमचा फोन होता. ट्रॉलीही होती, अर्धी रस्त्यात, मागे साधं लाल फडकं बांधलेलं नाही. गाडी त्यानं जमिनीला टेकेल इतकी खाली करून घेतली होती, म्हणून ती ट्रॉलीखाली घुसली. यातलं कशामुळे किती, ते मला माहीत नाही. मला माहीत आहे असं जो तुम्हाला सांगेल, तो माझ्यासारखाच खोटं बोलत असेल. तुम्ही मंडळीत उभ्या राहाल तेव्हा स्वतःच्या वाट्याचं तेवढंच उचला. सगळं उचलू नका. मी उचलून पाहिलं आहे.

रेघेचं विचारलंत.

पहिल्यांदा गेलो ते सगळं ठरवून गेलो होतो. पार घालून टायरची कड सोडवायची, रेघ पुसायची, आणि माझं पत्र खरं करून यायचं. चिंधीवर टर्पेंटाइन ओतलं, चाकापाशी बसलो. रेघेच्या खालच्या टोकाला, रिमवर, त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. पेंट ओला आहे, हात लावू नको म्हटलं होतं. ऐकतो कशाला? लावून बघितला आणि मग अंगठा माझ्याच शर्टाला पुसला. चिंधी सुकून गेली तरी मी बसलो होतो. परत एकदा गेलो, परत तेच. खोटं लिहिता आलं, वहिनी. तो ठसा पुसता आला नाही.

पुढच्या डाव्या चाकावर आहे. तुम्ही धूळ पुसलीत तेव्हा तुमचं लक्ष रेघेकडे असणार. येताना ते चाक वाल्मिकच्या टेम्पोत टाकून आणा. कुठं आहे ते दाखवतो.

तुमचा,
कृपादान